चिंधीबाईंचा बुधवार

कारखान्यात त्यांना सगळे चिंधीबाई म्हणत. पहिली दोन वर्षं पाठीमागे आणि हसून, पुढे तोंडावर, आणि गेली वीस वर्षं तर इतक्या अदबीने की नव्याने आलेल्या इंजिनिअरला ते आडनावच वाटावं. कारखाना पोलादी तारांचे दोर वळण्याचा. बंदरातल्या क्रेनला, खाणीतल्या लिफ्टला, डोंगरातल्या रोपवेला लागणारे जाड दोर तिथे वळले जात आणि माणसाच्या उंचीच्या रिळांवर गुंडाळून बाहेर पडत. त्याआधीचं शेवटचं दार म्हणजे बाई.

काम सांगायला सोपं. यंत्र हळू चालवायचं, दोर संथपणे सरकू द्यायचा, आणि मऊ सुती कापडाचा तुकडा दोराभोवती हलकेच धरून उभं राहायचं. शेकडो तारांपैकी एक जरी तुटून तिचं टोक केसाएवढं वर आलं असेल, तरी ते कापडात अडकतं. डोळ्याला दिसत नाही ते चिंधीला कळतं. कापड दोराला गुंडाळायचं नाही, नुसतं धरायचं. अडकलं की त्याच क्षणी सोडून द्यायचं. दोर चाकात शिरतो त्या बाजूला कधी उभं राहायचं नाही, चाकातून सुटून येतो त्या बाजूला राहायचं. सत्तावीस वर्षं हे करून बाईंची दहाच्या दहा बोटं शाबूत होती, आणि त्या खात्यात ही गोष्ट मिरवण्यासारखी होती.

चिंध्या घरून येत. बाजारचं कापड बाईंना चालत नसे. दहा वर्षं धुतलेल्या शर्टाचा मऊपणा नव्या कापडात कुठून येणार? त्यांचे यजमान एका वाचनालयात ग्रंथपाल होते. कोपर विरलेला शर्ट त्यांनी खुंटीला लावला की दुसऱ्या दिवशी त्याचे नीट कापलेले चौकोन बाईंच्या पिशवीत दिसत.

"लोकांचे शर्ट कसर खाते," ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, "माझे दोर खातात."

त्यांना दोन मुलं. थोरली कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला, इतिहास घेऊन. धाकटा दुसऱ्या वर्षाला, संगणक घेऊन. त्याच्या ताईच्या मते संगणकानेच त्याला घेतलं होतं. दोघंही हुशार, मायाळू आणि जिभेने तिखट. आईचं काम मात्र दोघांनी कधी पाहिलं नव्हतं. कारखान्यात बाहेरच्यांना मज्जाव होता, आणि दुसरं एक कारण होतं. थोरली सात वर्षांची असताना शाळेत प्रत्येकाने आपले आईवडील काय करतात ते उभं राहून सांगायचं होतं. तिने खणखणीत आवाजात सांगितलं, "माझे बाबा पुस्तकं सांभाळतात आणि माझी आई कारखान्यात पुसायचं काम करते." सारा वर्ग आणि मागे बसलेले पालक हसले. बाईही हसल्या. पण त्या दिवसानंतर घरी कोणी "आज काय केलंस?" असं विचारलं, की त्या "नेहमीचंच" म्हणायच्या आणि ताटं मांडायला लागायच्या. सांगायला गेलं तर बढाई वाटायची, न सांगावं तर पुसायचं काम. त्यापेक्षा गप्प बसलेलं बरं.

एक माणूस मात्र त्यांचं काम नेमकं जाणत होता, आणि त्याला त्यांनी कधी पाहिलंही नव्हतं.

दहा वर्षांपूर्वी दोन हजार तीनशे चाळीस मीटरचा एक दोर त्यांच्या हाताखालून गेला होता. वाटेत एक तार तुटलेली सापडली, म्हणून बाईंनी तो परत पाठवला. साहेबांनी कपाळाला हात लावला. दोर नव्याने वळला गेला, आणि दुसऱ्या खेपेला चिंधी पहिल्यापासून शेवटपर्यंत सरळ गेली. तो दोर थंड हवेच्या एका डोंगरावरच्या रोपवेला बसला. वर्षभराने तिथल्या फोरमनचा कारखान्यात फोन आला. दोराच्या दाखल्यावर ज्यांची सही आहे त्या बाईंशी बोलायचं आहे, म्हणाला. बाई धसकून फोनपाशी गेल्या.

"बाई, वार्षिक तपासणी झाली. चिंधी कुठेही अडकली नाही. म्हटलं, तुम्हाला कळवावं."

"बरं. कळवल्याबद्दल आभार," बाई म्हणाल्या.

तेव्हापासून दर उन्हाळ्याच्या तोंडाला हेच दोन संवाद होत. शब्द तेच. तो फोन आला की बाई दिवसभर हलक्या पावलांनी चालत, आणि का ते कोणालाच सांगत नसत.

यंदा फोन वेळेआधी आला, थंडी अजून सरायची होती तेव्हा.

"बाई, आपल्या दोराचं वय झालं. या हंगामानंतर उतरवणार. नवा येतोय तो दुसरीकडचा, यंत्राने तपासलेला. तेव्हा ही शेवटची तपासणी. अठरा ते तेवीस रोपवे बंद, वीस तारखेला, बुधवारी, दोर फिरवतोय. लोक बसलेले असताना दोराजवळ कोणाला येता येत नाही. यायचं असेल तर त्याच दिवशी या. चिंधी तुम्हीच धरा."

बाईंनी फोन ठेवला तो मनाशी सगळं ठरवूनच. जायचं, आणि एकटीने नाही, मुलांना घेऊन जायचं. पोरांनी एकदा डोळ्यांनी बघावं, आई काय पुसते ते. पुढच्या वर्षी हा दोर नसेल आणि थोरलीही घरात नसेल.

पण हे असं उघड सांगण्याची त्यांची प्राज्ञा नव्हती. त्यांनी फक्त रात्रीच्या जेवणाला जाहीर केलं, "यंदा उन्हाळ्यात आपण चौघं डोंगरावर जायचं."

"समुद्रावर जाऊ ना," थोरली म्हणाली.

"समुद्र कुठे पळून जात नाही."

"डोंगर पळून जाणार आहे का?" धाकट्याने विचारलं.

"हो," बाई म्हणाल्या, आणि विषय संपला.

मग सुरू झाली तयारी. बाईंनी कारखान्यातला आलेख-कागद आणला, चार रंगांच्या पेन्सिली काढल्या आणि फ्रिजच्या दारावर चौघांचं वेळापत्रक लावलं. थोरलीची परीक्षा चौदाला संपत होती. धाकट्याचं प्रशिक्षण पुढच्या महिन्याच्या एक तारखेला सुरू होणार होतं. अठराला निघायचं, पाच रात्री राहायचं. कोणी कोणती बॅग उचलायची, बस कुठे बदलायची, स्वेटर कोणत्या थैलीत, थोरलीची बस लागण्याची गोळी कोणाच्या खिशात, सगळं चौकोनाचौकोनांत बसलं. सोमवार निळा, मंगळवार हिरवा. फक्त बुधवारचा चौकोन कोरा.

"आई, यात शिंकायला कधी वेळ आहे?" धाकट्याने विचारलं.

"बुधवारी. तो मोकळा ठेवलाय."

"म्हणजे सोमवारी सर्दी झाली तर दोन दिवस दाबून धरायची?"

"धर की. बहिणीच्या वस्तू लपवून ठेवतोस, तशी शिंक ठेव."

यजमानांना मात्र बाईंनी सगळं सांगितलं आणि वचन घेतलं, मुलांना आधी काही बोलायचं नाही. त्यामागे हिशेब होता. आधी सांगितलं तर दोघं आईला बरं वाटावं म्हणून येतील, तोंड हसरं ठेवतील आणि चिंधीकडे बघतील ते सौजन्याने. तिथे अचानक समोर आलं, तर जे काही वाटेल ते खरं असेल. बाईंना खरं हवं होतं. यजमानांच्या पोटात गोष्ट राहत नाही अशी त्यांची ख्याती. वाचायला नेलेल्या रहस्यकथेतला खुनी ते पुस्तक देतानाच सांगून टाकत. पण त्यांनी गळ्याशपथ कबूल केलं, आणि जन्मात पहिल्यांदा वचन पाळलं. सगळा घोटाळा त्यातूनच झाला.

झालं असं. आठ तारखेला धाकटा संगणकावर त्या डोंगराची माहिती वाचत होता, आणि त्याला सूचना दिसली: अठरा ते तेवीस रोपवे बंद. तो ताईच्या खोलीत धावला. तिकडे बघण्यासारखं जे काही होतं ते रोपवेच होतं. आईने खोली घेतलेल्या रिसॉर्टच्या प्रत्येक चित्रात तोच.

"आईने बरोबर तोच आठवडा निवडलाय," तो म्हणाला. "रंगीत पेन्सिलींनी."

"तिला सांगू नकोस," थोरली म्हणाली. "दोन महिने त्या कागदासमोर उभी आहे. चूक काढली तर किती लागेल तिला."

दोघं बाबांकडे गेले. "बाबा, रोपवे बंद आहे हे आईला माहीत नाही ना?"

बाबांनी पुस्तक डोळ्यांसमोर आणखी वर धरलं. "मी यात काही बोलणार नाही," ते म्हणाले, आणि घाम पुसला.

मुलांनी त्याचा अर्थ आपल्याला सोयीचा लावला. धाकट्याने रिसॉर्टला फोन करून बुकिंग पुढे ढकललं. पंचवीस ते तीस. तारखा एकदाच बदलता येतील, असं तिकडून बजावलं गेलं. बदलल्या. अकरा तारखेला संध्याकाळच्या चहाबरोबर त्यांनी नव्या बुकिंगचा कागद आईच्या बशीखाली ठेवला.

"आई, सरप्राइज."

बाईंनी कागद वाचला. पुन्हा वाचला.

"तुझ्या आठवड्यात रोपवे बंद होता," थोरली घाईने म्हणाली. "तुझी काही चूक नाही, त्यांनी सूचना उशिरा लावली असेल. आता पंचवीसला जायचं, म्हणजे पाळण्यात बसून वर जाता येईल. तुला डोंगरच हवा होता ना? नीट बघ तरी."

"छान केलंत," बाई म्हणाल्या. "किती विचार केलात." त्यांनी दोघांच्या पाठीवरून हात फिरवला, कप उचलले आणि ते दोनदा धुतले.

यजमान मागोमाग स्वयंपाकघरात आले. "आता तू सांगतेस की मी सांगू? मला इकडे दुखायला लागलंय," ते छातीखाली हात ठेवून म्हणाले.

"काही सांगायचं नाही. किती हौसेने केलंय पोरांनी. दोराचं काय, फोरमन फोन करेलच."

"अगं, शेवटचा आहे तो दोर."

"अहो, माहीत आहे मला."

त्यांनी खोडरबर घेतलं आणि फ्रिजपाशी गेल्या. जुन्या तारखा खोडून नव्या घालायला हव्या होत्या. सोमवार खोडला, मंगळवार खोडला. बुधवारपाशी हात थांबला. तिथे खोडायला काहीच नव्हतं. तरी त्या तिथेच उभ्या राहिल्या, आणि खोडरबर हातात कुस्करत राहिल्या.

थोरली दारात होती. इतिहासाची विद्यार्थिनी, कोऱ्या जागेला अर्थ असतो हे तिला शिकवलेलं होतं.

"आई, बुधवारी काय होतं?"

"काही नाही गं. शिंक."

"आई."

मग बाईंनी सांगितलं. कागदाकडेच बघत सांगितलं, एखादी तक्रार नोंदवावी तितक्या कोरडेपणाने. दोन हजार तीनशे चाळीस मीटर. परत पाठवलेला पहिला दोर. नऊ वर्षांचे नऊ फोन. वीस तारीख. आणि शेवटी, न विचारता, हेही सांगितलं की तुम्ही दोघांनी एकदा बघावं एवढंच मनात होतं.

धाकटा कधी येऊन मागे उभा राहिला होता ते कोणालाच कळलं नाही. "म्हणजे लोक ज्याला लटकून जातात तो दोर तू पास केलास?" तो म्हणाला. "आई, त्या रिसॉर्टच्या प्रत्येक फोटोत तुझा दोर आहे. आणि मी ते फोटो बघत तुझी चूक शोधत बसलो."

थोरली हळूच खाली बसली, फ्रिजला टेकून. "पुसायचं काम," ती म्हणाली. "मी असं सांगितलं होतं ना वर्गात? तू हसली होतीस."

"सात वर्षांची होतीस तू. आणि अगदीच चूक नव्हतं. हात काळे होतातच."

"बाबा!" धाकटा ओरडला. "तुम्हाला माहीत होतं?"

"वचन दिलं होतं," यजमान दीनपणे म्हणाले. "खुनी कोण ते कधी सांगू नका म्हणता, आणि एकदा नाही सांगितलं तर हे असं."

धाकट्याने रिसॉर्टला फोन लावला. जुन्या तारखांची खोली गेलेली होती. शेजारची हॉटेलं तपासणीचा आठवडा म्हणून बंद. तेव्हा थोरलीने आईकडून फोरमनचा नंबर घेतला आणि स्वतः बोलली. आपण कोण ते सांगताना तिने आईचं नावही घेतलं नाही. "मी चिंधीबाईंची मुलगी," म्हणाली.

पलीकडून आधी मोठ्ठा श्वास ऐकू आला. मग फोरमन म्हणाला, "खालच्या स्टेशनात आमच्या लोकांची एक खोली आहे. चार खाटा. पांघरुणं आहेत. खिडकीही आहे."

"खिडकीतून काय दिसतं?"

"मोटरखोलीची भिंत."

"आम्ही येतो," थोरली म्हणाली. रिसॉर्टमधली पंचवीस तारखेची, दरीकाठच्या सज्ज्याची खोली धाकट्याने त्याच मिनिटाला रद्द केली, आणि हिरव्या पेन्सिलीने बुधवारच्या चौकोनात मोठ्या अक्षरांत लिहिलं: आई.

वीस तारखेला सकाळी नऊ वाजता सगळे खालच्या स्टेशनात उभे होते. पाळणे उतरवून एका बाजूला रांगेत ठेवलेले, आणि मोकळा दोर तेवढा डोंगराकडे चढत गेलेला. फोरमन ठेंगणा, टक्कल पडलेला, बाईंच्याच वयाचा निघाला. आवाज नऊ वर्षांच्या ओळखीचा, चेहरा मात्र नवा, त्यामुळे दोघंही जरा बुजली.

"फोनवर तुम्ही उंच वाटता," तो म्हणाला.

"तुम्हीही," बाई म्हणाल्या.

त्यांनी पिशवीतून कापड काढलं. पांढरंशुभ्र, कडा सरळ कापलेल्या. यजमानांनी ते पाहिलं आणि डोळे बारीक केले. "थांब, थांब. हा कुठला शर्ट? हा तर मी दोनदाच घातलाय!"

"बारा वेळा धुतलाय मी तो महिनाभरात. मऊ झालाय. शेवटची तपासणी आहे, जुनेर नको."

यजमान काहीतरी तिखट बोलणार होते. पण फोरमन आणि त्याची दोन माणसं टोप्या काढून उभी असलेली त्यांनी पाहिली, आणि खालच्या आवाजात धाकट्याला म्हणाले, "चांगला शर्ट होता. योग्य ठिकाणी गेला."

नऊ वाजून दहा मिनिटांनी दोर हलला. बाई चाकातून दोर सुटून येणाऱ्या बाजूला उभ्या राहिल्या, पाय जरा फाकवून, खांदे सैल सोडून. कापड दोराभोवती धरलं. मुलांनी आईला स्वयंपाक करताना पाहिलं होतं, चिडलेली, दमलेली, आजारी पाहिली होती. अशी कधी पाहिली नव्हती. ती दोराकडे बघतच नव्हती. समोरच्या डोंगराकडे नजर, आणि सगळं लक्ष बोटांत. फोरमनसुद्धा कुजबुजत बोलत होता. धाकटा त्याच्याशेजारी वही घेऊन मीटर मोजत होता. शंभर. दोनशे. पाचशे. त्याला जन्मभर कोणी इतका वेळ गप्प पाहिलेला नव्हता.

बाराशे मीटरला बाई मान न वळवता म्हणाल्या, "थोरले, इकडे ये. अंगठी काढ. घड्याळही."

थोरलीने दोन्ही बाबांच्या हातात दिलं. फोरमनने यंत्र थांबवलं, बाईंनी कापड मुलीच्या हातात दिलं, तिला नीट उभं केलं, आणि तिचं कोपर धरून मागे राहिल्या. "गुंडाळू नकोस. धर. पाखरू धरल्यासारखं. ओढ लागली की सोड. विचार करायचा नाही, सोडायचं."

दोर पुन्हा हलला. थोरलीच्या कपाळावर घाम आला, हात काळे झाले, पण चिंधी सरकत राहिली. सोळाशे मीटरच्या पुढे कापड तिच्या हातात एकदम थरथरलं.

"आई, अडकली!"

"नाही. तो सांधा आहे, दोराची दोन टोकं जोडलेली जागा. तो सांगतो आपण आहोत म्हणून. अडकली असती तर तू हे बोलेपर्यंत चिंधी डोंगरावर गेली असती."

थोरली मोठ्याने हसली, आणि मग तिचे डोळे भरले. पण दोन्ही हात गुंतलेले, म्हणून पुसता येईनात. तिने तशीच चिंधी धरून ठेवली. शेवटचे पाचशे मीटर पुन्हा आईने घेतले. बरोबर दोन तास दहा मिनिटं चाललेल्या दोराचा फेरा जिथून सुरू झाला होता तिथे येऊन थांबला, आणि फोरमनने वहीत शेवटची ओळ लिहिली. 'तपासणी कोणी केली' या रकान्यात त्याने बाईंची सही घेतली. मग थोरलीकडे वही सरकवली. "बाराशे ते अठराशे चाळीस तुमचे. इथे."

थोरलीने सही केली. कागदावर तिच्या अंगठ्याचा काळा ठसा उमटला आणि कोणी तो पुसायला गेलं नाही.

मग फोरमन बाहेर गेला. दहा-बारा पावलांवर, पाळण्यांच्या रांगेपाशी उभा राहिला आणि पाठ फिरवली. बाईंच्या पिशवीत फोन वाजला. त्यांचे हात वंगणाने माखलेले. धाकट्याने फोन काढून त्यांच्या कानाला लावला.

"बाई," फोरमन म्हणाला, आणि त्याचा आवाज फोनमधून आणि उघड्या दारातून दोन्हीकडून आला, "वार्षिक तपासणी झाली. चिंधी कुठेही अडकली नाही. म्हटलं, तुम्हाला कळवावं."

बाईंनी एकदा डोंगरावर गेलेल्या दोराकडे पाहिलं, एकदा मुलांकडे.

"बरं," त्या म्हणाल्या. "कळवल्याबद्दल आभार. आम्ही चौघं इथेच आहोत."